नहराखालची दोन एकर आणि लुपसची गोळी



मागच्या महिन्यात घरच्या वायफायच्या पासवर्डवर लिहिलं. त्यावर आपल्याच मंडळातल्या एका काकूंचा निरोप आला, "इंजिनिअरने फक्त कॉम्प्युटरवरच लिहायचं असा नियम आहे का?" नाही काकू, नियम नाही. या वेळी एका गोळीवर लिहितो. मी डॉक्टर नाही, साधा बीई आहे. पण गेली काही वर्षं या गोळीबद्दल जेवढं वाचलं, तेवढं कॉलेजात एखाद्या विषयाचंही वाचलं नव्हतं.

बालाघाट जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला मलेरिया वेगळा शिकवावा लागत नाही. बैहर-लांजीकडचं जंगल, पावसाळा सरताना थंडी वाजून येणारा ताप आणि क्लोरोक्वीनची कडू जहर गोळी. गुळाचा खडा तोंडात धरून ती गिळलेली अनेकांना आठवत असेल. आता फाल्सिपेरम जातीच्या मलेरियावर क्लोरोक्वीन चालत नाही, वेगळी औषधं देतात. पण तिची धाकटी बहीण, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, खैरलांजीत माझ्या मामाच्या घरी रोज रात्री जेवणानंतर घेतली जाते. मलेरियासाठी नाही. माझ्या मामेबहिणीला लुपस आहे.

लुपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. चेहऱ्यावरचे व्रण लांडग्याने चावल्यासारखे दिसतात म्हणून जुन्या वैद्यांनी हे नाव ठेवलं. पूर्ण नाव सिस्टेमिक लुपस एरिथेमॅटोसस. आपल्या शरीराची संरक्षण यंत्रणा बाहेरच्या जंतूंऐवजी स्वतःच्याच पेशींवर उठते. आमच्या भाषेत सांगायचं तर अँटीव्हायरसने विंडोजच्याच फायली व्हायरस समजून उडवायला सुरुवात करावी, तसं. सांधे, कातडी, रक्त, फुप्फुसाचं आवरण, मेंदू, किडनी, कुठेही हल्ला होऊ शकतो. १० रुग्णांपैकी सुमारे ९ स्त्रिया असतात आणि बहुतेकींना तो ऐन तारुण्यात, १५ ते ४५ या वयात गाठतो.

बहिणीचं सुरू झालं २०१९ च्या रोवणीत. ती तेव्हा २१ वर्षांची होती, सुटीत शेतावर गेली होती. दिवसभर उन्हात वाकून रोवणी केल्यावर कुणाचाही चेहरा लाल होतो, अंग दुखतं, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. पण तिच्या गालांवरची लाली आठवडाभर उतरली नाही. नाकाच्या दोन्ही बाजूंना पसरलेली, फुलपाखराच्या पंखांसारखी. मग बोटांचे सांधे सुजले, केस गळायला लागले, बारीक ताप राहू लागला. एका डॉक्टरांनी वात सांगितला, दुसऱ्यांनी टायफॉइडचा कोर्स दिला. सिकल सेलची तपासणीही झाली. ते बरोबरच होतं, कारण आपल्या भागात सांधे दुखणाऱ्या तरुण पोरीला आधी सिकल सेल आहे का हे पाहावंच लागतं. ती निगेटिव्ह आली आणि सगळ्यांना हायसं वाटलं. खरं नाव कळायला फेब्रुवारी २०२० उजाडलं, तेही नागपूरला संधिवाततज्ज्ञांकडे नेल्यावर. तोवर लघवीतून प्रथिनं जायला लागली होती, म्हणजे लुपस किडनीपर्यंत पोचला होता.

इथे एक गोष्ट थांबून सांगतो, कारण ती पैशाने महाग नाही. लुपस झालेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांच्या किडनीला कधी ना कधी त्रास होतो, आणि सुरुवातीला त्याचं काहीही दुखत नाही. लघवीची साधी तपासणी तो पकडते. ती बालाघाटला होते, वारासिवनीला होते. सात महिन्यांत तिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, एक्स-रे झाला, लघवी कुणी तपासली नाही. उलट बाजूही सांगतो. आजकाल हेल्थ पॅकेजमध्ये एएनए नावाची तपासणी असते आणि ती पॉझिटिव्ह आली की घरात रडारड सुरू होते. एएनए पॉझिटिव्ह म्हणजे लुपस नव्हे. धडधाकट माणसांतही ती पॉझिटिव्ह येते. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही एएनए हे फक्त दार आहे. त्यातून आत गेल्यावर लक्षणं आणि इतर तपासण्यांचे गुण मोजतात.

निदान झालं, स्टेरॉइड सुरू झालं, मायकोफेनोलेट सुरू झालं आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन. महिना उलटतो न उलटतो तोच कोरोना आला. तुम्हाला आठवत असेल, मार्च २०२० मध्ये अचानक सगळ्या जगाला हीच गोळी हवी झाली. आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांना ती प्रतिबंधासाठी सुचवली, सरकारने ती चिठ्ठीशिवाय विकू नये असा आदेश काढला, एप्रिलच्या सुरुवातीला निर्यात बंद केली आणि काही दिवसांत थोडी उघडली. पुढे मोठ्या चाचण्यांत कोरोनावर तिचा उपयोग नाही हे स्पष्ट झालं. मधल्या काळात दुकानं मात्र रिकामी. वारासिवनीत नाही, बालाघाटला नाही. शेवटी नागपूरच्या एका मित्राने पाच स्ट्रिप मिळवल्या, भाजीच्या गाडीवरून गोंदियापर्यंत पाठवल्या आणि मामा राज्यसीमेच्या नाक्यावर पोलिसांना चिठ्ठी दाखवून त्या घेऊन आले. १९५६ पर्यंत बालाघाटची राजधानी नागपूरच होती. त्या दिवशी मामांना दोन्हींमधली सीमा पहिल्यांदा एवढी टोचली असावी.

मलेरियाची गोळी लुपसला कशी लागली, याची गोष्ट मला फार आवडते. १८९४ मध्ये लंडनचे डॉ. पेन यांनी चेहऱ्याच्या लुपसवर क्विनाइन देऊन पाहिलं होतं. नंतर ते मागे पडलं. दुसऱ्या महायुद्धात जंगलात लढणाऱ्या लाखो सैनिकांना मलेरिया होऊ नये म्हणून मेपाक्रीन नावाची पिवळी गोळी रोज दिली जायची. तेव्हा लक्षात आलं की काहींचे जुने चट्टे आणि सांधेदुखीही कमी झाली. १९५१ मध्ये पेज नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये लुपसच्या १८ रुग्णांना मेपाक्रीन दिल्याचा अनुभव छापला. पुढे तिच्यापेक्षा सौम्य अशी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आली आणि १९५० च्या दशकातच अमेरिकेत लुपससाठी मान्य झाली. त्याच सुमारास, १९५५ मध्ये, बाल्टिमोरच्या ९९ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला होता. निदानानंतर ४ वर्षांनी त्यातले निम्मेच जिवंत होते. आज चांगले उपचार मिळाले तर ५ वर्षांनी १०० पैकी ९० हून अधिक जण जिवंत असतात. यात स्टेरॉइडचा वाटा आहे, डायलिसिसचा आहे, प्रतिजैविकांचा आहे, आणि या गोळीचाही आहे.

गंमत अशी की घरात सगळ्यात जास्त भांडण याच गोळीवरून होतं. स्टेरॉइडने चेहरा गोल झाला तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "पोरीची तब्येत सुधारली." हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन घेतल्यावर मात्र काहीच जाणवत नाही. ना लगेच बरं वाटतं, ना सोडली की लगेच बिघडतं. त्यात कुणीतरी सांगितलं की डोळे जातात. दोन वर्षांपूर्वी बहिणीने मला विचारलं, "दादा, आता तं काहीच दुखत नाही. ही गोळी बंद करून पाहू का?"

या प्रश्नाचं उत्तर कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९१ मध्येच देऊन ठेवलंय. लुपस शांत असलेल्या आणि ही गोळी घेणाऱ्या ४७ रुग्णांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. २५ जणांची गोळी चालू ठेवली, २२ जणांना तशीच दिसणारी खोटी गोळी दिली. कुणाला कोणती हे त्यांना ठाऊक नव्हतं. ६ महिन्यांत खरी गोळी घेणाऱ्यांपैकी ९ जणांचा आजार पुन्हा उसळला, खोटी घेणाऱ्यांपैकी १६ जणांचा. अभ्यास छोटा आहे, पण मी तिला तो तक्ता काढून पाठवला. २५ पैकी ९ आणि २२ पैकी १६. शिक्षिका आहे ती, गणित लगेच कळलं.

डोळ्यांची भीती अगदीच खोटी नाही, म्हणून तीही नीट सांगतो. फार वर्षं आणि जास्त डोसमध्ये घेतली तर ही गोळी डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकते. म्हणून डोस वजनावर ठरतो, दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. तेवढ्यात राहिलं तर पहिल्या १० वर्षांत धोका १०० पैकी २ जणांहून कमी. त्यानंतर तो वाढतो. सुरुवातीला एकदा आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी पडद्याची तपासणी करायची. बहिणीची यंदा सहावी झाली, डोळे ठीक आहेत.

आता नवीन काय आलं ते पाहू. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीननंतर लुपससाठी म्हणून खास असं नवीन औषध मान्य व्हायला २०११ उजाडलं. पन्नासहून जास्त वर्षं! बेलिमुमॅब त्याचं नाव. बी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी चुकीची प्रतिपिंडं बनवतात, त्या पेशींची रसद हे औषध तोडतं. मग २०२१ मध्ये दोन आली, किडनीसाठी व्होक्लोस्पोरिन आणि इंटरफेरॉनचा संदेश अडवणारं अॅनिफ्रोलुमॅब. २०२५ मध्ये अमेरिकेत किडनीच्या लुपससाठी ओबिनुटुझुमॅब मान्य झालं. नावं लक्षात ठेवू नका, मलाही प्रत्येक वेळी पाहून लिहावी लागतात. लक्षात ठेवायचा तो एक आकडा. अॅनिफ्रोलुमॅबच्या मोठ्या चाचणीत वर्षभराने औषध घेतलेल्या १०० पैकी ४८ जणांना चांगला फरक पडला, आणि खोटं औषध घेतलेल्या १०० पैकी ३२ जणांना. दोन्ही गटांना नेहमीची औषधं चालूच होती. म्हणजे फायदा खरा आहे, पण व्हॉट्सअॅपवर फिरतो तसा चमत्कार नाही.

कारणांचा शोधही पुढे गेलाय. बायकांनाच का, हा जुना प्रश्न. २०२२ मध्ये लहानपणीच लुपस झालेल्या एका स्पॅनिश मुलीच्या टीएलआर-७ या जनुकात एकच अक्षर बदललेलं सापडलं. विषाणू आला की घंटा वाजवणं हे त्या जनुकाचं काम, आणि बदलामुळे घंटा उगाचच वाजत राहायची. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि स्त्रियांकडे एक्स दोन. सर्वांना याच बदलामुळे लुपस होतो असं मुळीच नाही, पण कुठे पाहायचं हे कळलं. आणि मामीचं एक ओझं उतरलं. पोरीला उन्हात शेतावर पाठवली म्हणून झालं, असं ती सहा वर्षं स्वतःला लावून घेत होती. ऊन आजार भडकवतं, हे खरं. त्याची बीजं मात्र आधीपासून आत असतात.

आणि मग आला तो जर्मनीचा व्हिडिओ. मामांना कुणीतरी पाठवलेला. त्यांनी रात्री साडेदहाला फोन केला. "बाबू, जर्मनीत म्हणे ही बिमारी जडापासून काढून टाकतात. नहराखालची दोन एकर काढली तं भागंल का रे?"

नहराखालची दोन एकर म्हणजे त्यांची पाण्याची जमीन. चिन्नोर तिथेच पिकतो. बाकीची कोरडवाहू. मी म्हटलं, मामाजी, चार दिवस द्या, वाचून सांगतो.

व्हिडिओतली गोष्ट खोटी नव्हती. जर्मनीत एर्लांगेनला डॉ. गेऑर्ग शेट यांच्या चमूने कॅन्सरसाठी बनलेला कार-टी हा उपचार लुपसला लावून पाहिला. रुग्णाच्या रक्तातून टी पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवं जनुक घालायचं, म्हणजे त्या बी पेशींना ओळखून मारायला शिकतात. मग थोडी केमोथेरपी देऊन त्या परत शरीरात सोडायच्या. पहिली रुग्ण २० वर्षांची तरुणी, तिचा अहवाल २०२१ मध्ये आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी १५ रुग्णांचा अनुभव छापला. त्यातले ८ लुपसचे, बाकीचे तशाच इतर आजारांचे. लुपसच्या आठही जणांचा आजार शांत झाला आणि त्यांची बाकीची औषधं बंद करता आली. काही महिन्यांनी बी पेशी परत आल्या, पण कोऱ्या पाटीसारख्या. जुना राग विसरलेल्या. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री एक वाजता खुर्चीतून उठून घरात फेऱ्या मारल्या होत्या.

पण ८ म्हणजे आठच. त्या सगळ्यांवर इतर औषधं हरली होती, म्हणून त्यांना हा उपचार दिला. १५ पैकी बहुतेकांना नंतर ताप आला, तो आटोक्यात राहिला, एकाला न्यूमोनियामुळे भरती करावं लागलं. पाठपुरावा मध्यमानाने १५ महिन्यांचा. आणि कॅन्सरसाठी कार-टी घेतलेल्या काहींना नंतर टी पेशींचाच कॅन्सर झाल्याचं दिसल्यावर अमेरिकेच्या एफडीएने २०२४ मध्ये या उपचारांवर ठळक इशारा छापायला लावला. २७ वर्षांच्या, लुपस शांत असलेल्या पोरीसाठी हे सौदे तोलायचे कसे?

मामांचा पुढचा प्रश्न अपेक्षित होता, "आपल्या इथं होत नाही का?" कार-टी होते, आणि ती मुंबईतच जन्मली. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या चमूने टाटा मेमोरियलबरोबर नेक्सकार-१९ तयार केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू पवईला आल्या होत्या. परदेशात जी गोष्ट काही कोटींना पडते ती इथे ३० ते ४० लाखांच्या घरात आली. मराठी माणूस म्हणून छाती फुगते. पण तिची मान्यता बी पेशींच्या कॅन्सरसाठी आहे, लुपससाठी नाही. चीनमध्ये तर २०२५ मध्ये पेशी बाहेर न काढताच, इंजेक्शनने शरीरातच कार-टी बनवण्याचा प्रयोग लुपसच्या मोजक्या रुग्णांवर झाला. तो रस्ता पक्का झाला तर किंमत आणखी उतरेल. म्हणजे आज जमीन विकून जे घ्यायला धावायचं, त्याचीच पाच-दहा वर्षांत वेगळी आणि बहुधा स्वस्त आवृत्ती येऊ शकते. सॉफ्टवेअरवाला माणूस पहिली आवृत्ती स्वतःच्या बहिणीवर चालवत नाही.

मी मामांना सांगितलं, जमीन राहू द्या. त्या जमिनीच्या पैशातून लागणार आहे ते दर तीन महिन्यांनी नागपूरची खेप, रक्त-लघवीच्या तपासण्या, डोळ्यांची तपासणी, लसी आणि औषधं. आयुष्मान कार्ड भरती झाल्यावर कामी येतं, रोजच्या गोळ्यांना आणि ओपीडीला नाही. खरा खर्च तिथेच होतो, वर्षानुवर्षं होतो, आणि हात आखडला की पहिली कात्री त्यालाच लागते. युरोपच्या संधिवाततज्ज्ञांनी २०२३ मध्ये लुपसच्या शिफारशी नव्याने लिहिल्या. इतकी नवी औषधं हाताशी असूनही त्यांनी म्हटलं की हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन सर्वच रुग्णांना द्यावी, आणि स्टेरॉइड दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून खाली आणावं, जमलं तर बंद करावं. बहिणीचं स्टेरॉइड ४० वर सुरू झालं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी हळूहळू उतरवत आता अडीचवर आणलंय. ती म्हणते आरशात पुन्हा आपलं तोंड दिसायला लागलं.

ती आता वारासिवनीला एका शाळेत शिकवते. मैदानावरचा तास तिला देत नाहीत. पूर्ण बाह्यांचा ड्रेस, ओढणी, छत्री आणि सनस्क्रीन. रोवणीला ती अजून जाते, पण धुऱ्यावरच्या आंब्याखाली बसून मजुरांचा हिशेब लिहायला.

राहिला लग्नाचा विषय. तुमच्यापैकी बहुतेक जण याच वयाचे आहात, म्हणून हा भाग टाळत नाही. घरात दोन पक्ष होते. आजीचं म्हणणं, सांगूच नका, गोळ्या व्हिटॅमिनच्या म्हणायच्या. बहिणीचं म्हणणं, लपवून केलं तर गोळीही लपून घ्यावी लागेल आणि एक दिवस सुटेल. सुटली की काय होतं हे तिला आकड्यांनिशी माहीत होतं. तिरोड्याच्या एका स्थळाला तिने स्वतःच सांगितलं. त्यांच्याकडून पहिला प्रश्न आला, "मूल होईल का?"

पूर्वी लुपसमध्ये गरोदरपण नकोच म्हणायचे. अमेरिका-कॅनडात ३८५ लुपसग्रस्त गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून २०१५ मध्ये जो अभ्यास आला, त्यात १०० पैकी ८१ जणींचं गरोदरपण मोठ्या अडचणीशिवाय पार पडलं. पण त्या सगळ्यांचा आजार सुरुवातीला शांत किंवा सौम्य होता, आणि तीच अट आहे. किमान ६ महिने लुपस शांत हवा. मायकोफेनोलेट गर्भाला घातक, म्हणून ते आधीच बंद करून अॅझाथायोप्रिनसारखं चालणारं औषध द्यायचं आणि त्यावरही किडनी शांत राहते का ते पाहायचं. अँटी-रो नावाची प्रतिपिंडं रक्तात आहेत का ते तपासायचं, कारण क्वचित त्यांचा परिणाम बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर होतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन मात्र गरोदरपणातही चालूच ठेवायची.

हे सगळं बहिणीने एका कागदावर मराठीत लिहून मुलाच्या आईच्या हातात दिलं. त्या बाईंनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "अँटी-रो तपासलं का?" तपासलं होतं, निगेटिव्ह आहे. मायकोफेनोलेट बदलायचं की नाही हे पुढच्या महिन्यातला लघवीचा रिपोर्ट पाहून नागपूरचे डॉक्टर ठरवतील. तिरोड्याची माणसं पंचमीनंतर खैरलांजीला येणार आहेत, मामी आतापासूनच चिन्नोर निवडत बसली आहे.